गंजीच्या पोटात

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी अंबाबाईच्या देवळामागच्या बोळात पिराजीचा पाय घसरला. नवरात्रभराचं निर्माल्य कुणीतरी भिंतीशी ओढून त्याचा ढीग घातला होता, त्यातलं पाणी वाटेवर झिरपलं होतं, आणि पिराजी नेहमीसारखा खाली मान घालून पागेकडे निघाला होता. तोल सावरायला त्यानं हात पुढे केला, तो त्या ढिगात मनगटाच्याही वर गेला. झेंडू, शेवंती, बेल, काळवंडलेली पानं. आणि त्यांच्या आत ऊब. अंड्यावर बसलेल्या कोंबडीच्या पोटाखाली लागते तशी. पिराजी तसाच वाकून राहिला. हात बाहेर काढायचं त्याला सुचेना. बोळाच्या तोंडाशी बायडाबाई फुलवाली आपली टोपली मांडत होती, तिनं ते पाहिलं.

"लागलं का काय वो?"

"न्हाई."

"मग काढा की हात. ऊब घ्यायला बसलाय व्हय?"

"आत गरम हाय," पिराजी म्हणाला. आपला आवाज त्याला दुसऱ्याच कुणाचा तरी वाटला.

"आसणारच. ढीग हाय न्हवं त्यो," बायडाबाई टोपलीवरचं ओलं फडकं झटकत म्हणाली. "एकेका फुलाला कुठली आलीया ऊब? ढिगाला येती."

ती एवढं बोलली आणि गिऱ्हाइकाकडे वळली. पिराजीनं हात काढला, कोपऱ्यावरच्या हौदात धुतला, धोतराला पुसला आणि चालू लागला. पण हाताचा वास जाईना. गोडसर, जड, काकवीसारखा वास. तो त्याच्या ओळखीचा होता. तो वास येऊन दोन वर्षं झाली होती, आणि या दोन वर्षांत असा एक दिवस गेला नव्हता की त्यानं तो हवेत शोधला नाही. रोज संध्याकाळी तो पागेतल्या गवताच्या गंजीभोवती फिरायचा, जागोजाग हात खुपसायचा, नाक लावायचा. घोड्यांची निगा राखणारे मोतद्दार आपसांत म्हणायचे, कारकून असावा तर असा; गवताला पोरासारखा जपतोय. कारभारी आण्णांनी एकदा सरदारांच्या समोर त्याच्या पाठीवर थाप मारली होती. त्या थापेची जागा त्याला कधीकधी अंघोळीच्या वेळी चोळताना सापडायची, आणि मग तो ती जागा सोडून बाकीची पाठ चोळायचा.

सरदारांची ही पागा रंकाळ्याच्या अलीकडे होती. पिराजी तिथला वैरणीचा कारकून. शेतकऱ्याचा मुलगा, मराठी चार इयत्ता शिकलेला, शांत, कुणाच्या अध्यातमध्यात नसणारा. गवत किती आलं, किती गेलं, कुठं रचलं हे बघायचं एवढंच त्याचं काम. आणि त्या कामात त्यानं केलेली चूक इतकी लहान होती, की ती चूक होती हे कळायलाच त्याला गंजी पेटावी लागली.

दोन वर्षांमागे दिवाळीत अवेळी पाऊस झाला होता. गगनबावड्याकडच्या कुरणातून गवताच्या गाड्या येत होत्या. वरच्या पेंढ्या वाऱ्यानं वाळल्यासारख्या दिसत, पण पेंढी दुमडली की आत गारवा लागे. पिराजीनं पहिल्या ओल्या गाड्या बाजूला उभ्या केल्या होत्या. अंगणात पसरावं, दोन दिवस ऊन खाऊ द्यावं, मग रचावं. पण गाडीवानांना घरी दिवाळी गाठायची होती. बैल उभे राहून कंटाळले होते. कारभारी आण्णा येऊन म्हणाले, "उद्या सरदार पावण्यांना घेऊन येणार, आन् तू अंगणात गवत वाळत घालणार? रच की ते आत." आणि पिराजीलाही बायकोला, चिमणाबाईला, माहेराहून आणायला जायचं होतं. त्यातलं एकही कारण मोठं नव्हतं. एवढ्या थोरल्या गंजीत चार ओल्या गाड्यांनी काय होतंय, असं तो स्वतःशी म्हणाला. "रचा," त्यानं हमालांना सांगितलं. ओलं गवत मधोमध गेलं, त्याच्यावर कोरडं चढलं, वरून शाकारलं. गंजी सुरेख दिसत होती. सरदारांच्या पाहुण्यांनी तिच्यापुढं उभं राहून घोडी बघितली.

मग तो वास आला. पहिल्यांदा त्याला वाटलं, कुणाच्या तरी गुऱ्हाळावरून येतोय. पण गुऱ्हाळं तर अजून लागायची होती. सकाळी गार हवेत गंजीच्या शेंड्यावर वाफ दिसे, उन्हं आली की दिसेनाशी होई. एका संध्याकाळी कुणी नाही असं बघून पिराजीनं गंजीच्या कुशीत हात घातला. मनगटापर्यंत गार होतं. कोपरापर्यंत कोमट. खांद्यापर्यंत हात गेला तेव्हा बोटांना असं काही लागलं की त्यानं हात ओढून घेतला. कातडी लाल झाली होती. बोटांत अडकून आलेल्या काड्या तपकिरी होत्या, तंबाखूसारख्या, आणि बाहेर येताच गार पडल्या. त्यानं त्यातली एक काडी हातात धरून पाहिली. काडीला काही नव्हतं. साधी काडी.

गंजी उपसायला हवी होती. त्याच घडीला माणसं लावून सगळी फोडायला हवी होती, हे त्याला कळलं होतं. शेतकऱ्याच्या पोराला कळणार नाही असं त्यात काही नव्हतं. त्याच्या बापानं एकदा भाताचं ओलं पिंजर असंच उपसून वाऱ्यावर टाकलं होतं. पण उपसली की मधलं काळं पडलेलं गवत सगळ्यांना दिसणार. आण्णा विचारणार, ओलं रचलं कुणी? आण्णांनीच सांगितलं होतं, पण आण्णा ते विसरलेले असणार. उद्या बघू, पिराजीनं ठरवलं. कदाचित आपोआप निवेल. दुसऱ्या दिवशी त्यानं हात घातला नाही. तिसऱ्या दिवशी गंजीकडे पाठ करून काम केलं. आणि मग एका दुपारी, सगळे जेवायला बसले असताना, गंजीच्या पोटातून आधी धूर आला आणि मग गळवाला तोंड फुटावं तशी आग बाहेर आली. भर उन्हात ज्वाळा दिसतच नव्हत्या; नुसती हवा थरथरत होती आणि गवत काळं होत चाललं होतं. वारा तबेल्याच्या बाजूचा होता.

नबीलाल नालबंद तेव्हा तबेल्याच्या दारात बसून नालाचे खिळे सरळ करत होता. पागेतल्या प्रत्येक घोड्याचा पाय त्याच्या मांडीवरून गेलेला. त्यातली एक पांढरी घोडी त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवली होती. तिची आई बाळंतपणातच गेली होती. आग तबेल्याच्या छपराला लागली तेव्हा मोतद्दारांनी पुढची जनावरं सोडली. घोडी मागच्या कोपऱ्यात होती. नबीलाल आत गेला. घोडीला घेऊन तो बाहेर आला नाही. त्यालाच दोघांनी ओढून बाहेर आणलं. पिराजी विहिरीवरून पाणी आणत होता. घोडीचा आवाज त्यानं ऐकला. आवाज थांबला तेही ऐकलं.

त्यानंतरचं त्याला आगीपेक्षा जास्त स्पष्ट आठवे. संध्याकाळी पागेच्या अंगणात आण्णा खुर्ची टाकून बसले आणि विचारलं, "आग लावली कुणी?" प्रश्नच तसा होता. आग म्हटल्यावर लावणारा पाहिजे. मग एक मोतद्दार म्हणाला, गंजीच्या मागं धोंड्यावर नबीलाल बसायचा. दुसरा म्हणाला, संध्याकाळी चिलीम वढायचा. तिसऱ्याला आठवलं, महिन्यामागं नबीलालचं आणि आण्णांचं कशावरून तरी वाजलं होतं. कुणीच 'नबीलालनं आग लावली' असं म्हणालं नाही. प्रत्येकानं एकेक काडी टाकली, आणि प्रत्येकाची काडी खरी होती. शेवटी आण्णा पिराजीकडे वळले. "तू वैरणीवरचा. तू काय बघितलंस?" सगळे त्याच्याकडे बघत होते. पिराजीच्या उजव्या बाहीखाली कातडी अजून चुरचुरत होती. तो म्हणाला, "बसायचा तिथं. चिलीम वढत." तेही खरं होतं. पण त्याच्या बोलण्यानंतर अंगणातली हवा बदलली. आता विचारण्यासारखं काही उरलं नाही, असं सगळ्यांच्या चेहऱ्यांवर आलं. रात्र पडायच्या आत नबीलालनं आग लावली हे ठरून गेलं, आणि ते कुणी ठरवलं हे कुणालाच सांगता आलं नसतं. दवाखान्यातून नबीलाल परत आला तेव्हा त्याच्या खोलीतलं सामान बाहेर मांडून ठेवलं होतं. बायको सुगरा आणि पोरगी शमशाद यांना घेऊन तो सुगराच्या माहेरी, शाहूवाडीकडं गेला. जाताना तो कुणाशी भांडला नाही. पिराजीला ते बरं वाटलं होतं. मग ते बरं वाटल्याचं वाईट वाटलं होतं. मग दोन्ही गोष्टी रोजच्या झाल्या.

बायडाबाईचं बोलणं त्या दिवशी त्याच्या डोक्यातून जाईना. एकेका फुलाला कुठली ऊब? खरंच, कुठं होती ती आग? ओल्या काडीत नव्हती, कोरड्या काडीत नव्हती. गगनबावड्याच्या कुरणात ते गवत उभं होतं तेव्हा त्याच्यात पाऊस होता, वारा होता, आग नव्हती. गाडीत नव्हती. पहिली पेंढी ठेवली तेव्हा नव्हती, दुसरी ठेवली तेव्हा नव्हती. मग कुठल्या पेंढीशी ती आली? पिराजी मनात पेंढ्या रचत गेला आणि ती पेंढी त्याला सापडेना. कुठल्याही पेंढीपाशी थांबून 'हीच' असं म्हणता येत नव्हतं. तरी आग आली होती, आणि घोडी मेली होती. जे कशातच नव्हतं ते सगळ्यांच्या मिळून होण्यात होतं. खासबागेचं नवं मैदान भरलं होतं तेव्हा तो कुस्ती बघायला गेला होता, ते त्याला आठवलं. पंजाबी मल्ल चीत झाला आणि जो आवाज उठला तो कुठल्या माणसाच्या गळ्यातला नव्हता. पिराजी स्वतः ओरडला होता, शेजारचा ओरडला होता, पण वर चढून साऱ्या गावावर पसरला तो आवाज वेगळाच होता. तो जणू मैदानाचाच आवाज होता. त्या गर्दीत आपण नसतो तरी तो तेवढाच झाला असता, असं त्याला तेव्हा वाटलं होतं आणि त्यात एक मोठी सुटका वाटली होती.

तीच सुटका आता तो पुन्हा शोधत होता, हे त्याला संध्याकाळी गंजीपाशी उभं राहिल्यावर कळलं. आग कुणी लावली नव्हती. नबीलालवरचा आळही कुणी घातला नव्हता. गवत जसं आत तापत गेलं तसा हा आळही अंगणात तापत गेला, बोलण्यावर बोलणं पडून. चार ओल्या गाड्या, आणि त्याचं एक वाक्य. बाकी काही त्याचं नव्हतं. विचार इतका गुळगुळीत होता की पिराजी क्षणभर हलका झाला. त्यानं सवयीनं गंजीत हात घातला. गार, कोरडं होतं. आणि हात आत असतानाच त्याला दिसलं की काडीत आणि आपल्यात एक फरक आहे. काडीला ठाऊक नव्हतं. शेजारच्या काडीचा ओलावा आपल्याला लागतोय, आपली ऊब तिला जातेय, आणि याचं पुढं काय होणार, हे कुठल्याच काडीला ठाऊक नव्हतं. अंगणातल्या मोतद्दारांनाही नव्हतं; त्यांना खरंच वाटत होतं की कुणीतरी लावली असणार. त्या सगळ्या ढिगात गंजीच्या पोटापर्यंत हात घालून आलेला एकच माणूस होता. त्याला सगळं ठाऊक होतं आणि त्यानं काडीसारखं वागायचं ठरवलं होतं.

दुसऱ्या दिवशी तो आण्णांकडे गेला. आण्णा पान जमवत होते. पिराजीनं सांगितलं, ओलं गवत, वास, खांद्यापर्यंत घातलेला हात, सगळं. आण्णांनी पान तोंडात घातलं.

"गवत आपोआप पेटलं म्हंतोस?"

"व्हय."

"आन् आता दोन वर्सांनी मी सरदारांना जाऊन हे सांगू? कुणी लावली न्हाई, तरी लागली म्हणून? येड्यात काढतील मला, आन् तुला दारात उभं करणार न्हाईत." मग आवाज खाली आणून ते म्हणाले, "पिराजी, निपटलंय ते. त्यो नालबंद तिकडं सुखात आसंल. तू चार दिस रजा घे. बायकोला घेऊन नरसोबाच्या वाडीला जाऊन ये. मनाला बरं वाटंल."

पिराजीनं रजा घेतली. चिमणाबाईनं भाकरी बांधून दिली. "वाडीला म्हनं आपण दोघं जायाचं हुतं," ती म्हणाली. तो म्हणाला, "मी शाहूवाडीकडं चाललोय. नबीलालकडं." तिनं त्याच्याकडं पाहिलं आणि भाकरीच्या गाठोड्यात आणखी दोन भाकरी घातल्या. तिला काय काय ठाऊक होतं हे त्याला कधीच कळलं नव्हतं.

मलकापूरच्या वाटेवर एका गाडीवानानं त्याला घेतलं, बाकीचं तो चालला. डोंगर जवळ आले तशी भाताची खाचरं लागली, पिवळी व्हायला लागलेली. वाटेत त्यानं मनाशी वाक्यं जुळवली. आधी पावसाचं सांगायचं, मग गाड्यांचं, मग गवत आत कसं तापतं ते. नबीलाल संतापणार, कदाचित मारणारही. मारलं तर बरं, असं पिराजीला वाटत होतं. मार खाऊन परत येणारा माणूस त्याला दिसत होता आणि तो माणूस त्याला आवडत होता. हे लक्षात आलं तेव्हा तो वाटेत थांबला, एका दगडावर बसला, आणि परत फिरावं की काय असा विचार करू लागला. मग उठून पुढंच गेला.

गाव लहान होतं, डोंगराच्या पायथ्याला. कुणीतरी खाचराकडं बोट दाखवलं. बांधावर नबीलाल उभा होता, भात राखत. पाखरांचा थवा उतरला की तो घशातून ओरडायचा, "हाऽऽ हुर्र!" पिराजीला आधी कळेना, हा गोफण का मारत नाही. मग जवळ गेल्यावर त्याला हात दिसले. बोटं तळव्याकडं वळून चिकटल्यासारखी झाली होती, कातडी तकाकत होती. त्या हातांत गोफण राहिली नसती. हातोडी तर नाहीच.

"पिराजीराव!" नबीलालनं लगेच ओळखलं. चेहरा उजळला. "कोल्लापूरचं मानूस आलं म्हनायचं! बसा, बसा. घोडी कशी हायती? काळ्याचा मागला पाय दुखायचा, त्येची नाल जरा वेगळी बसवावी लागतीया, नव्या नालबंदाला सांगितलं का कुणी?"

पिराजी बांधावर बसला. जुळवलेली वाक्यं कुठंतरी मागं राहिली होती. आणि तो काही बोलायच्या आत नबीलालच बोलू लागला. माणूस भेटला की बोलायचंच, अशी त्याची सवय झालेली दिसत होती.

"तुमी आला ते बरं केलं. मला कुणाला तरी सांगायचं हुतं तिथल्या. मी तिथनं निघालो तवा काय बोललो न्हाई. बोलायला तोंडच नव्हतं. आदल्या दिशी सांजचं मी त्या धोंड्यावर चिलीम झाडली, पिराजीराव. नुस्ती ठक् केली. इस्तू इझला का न्हाई बघितलंच न्हाई. रोज बघायचो, त्याच दिशी न्हाई बघितलं. कानात ती ठक् आजून हाय." तो थांबला. पाखरं उतरली होती, पण तो ओरडला नाही. "लेकीवानी वाढवलेली घोडी. माज्या हातनं जळाली. मग मी चिलीम सोडली. हितं आल्यावर ह्या गावात घरोघरी जाऊन सांगितलं, लोकं म्हंत्यात ते खरं हाय, मीच जाळली. लपवून काय करायचं? शमशादचं जमलेलं मोडलं त्यापायी. मोडू दे म्हटलं. खोटं बोलून पोरगी द्यायची का?"

नबीलालला आपल्यावर अन्याय झाला असं वाटत असणार, तो कुढत असणार, एवढंच पिराजीनं धरून ठेवलं होतं. नबीलाल स्वतःच त्या आळावर विश्वास ठेवून बसला असेल हे त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं. त्या अंगणात पेटलेलं इथवर येऊन पोचलं होतं आणि या माणसाच्या आत शिरून दोन वर्षं धुमसत होतं. आणि वाटेत दगडावर बसून आपण मार खायची हौस करत होतो.

"तुमच्या चिलमीनं न्हाई," तो म्हणाला.

"काय न्हाई?"

"आग. तुमच्या चिलमीनं लागली न्हाई. गवत वलं हुतं. वलं रचलं मी. आत तापलं. गंजी आतनं पेटली, मामू. वरनं न्हाई."

नबीलालनं मान हलवली, समजूत घालणाऱ्या माणसाला थांबवावं तशी. "माजं मन राखायला सांगू नका."

"मी हात घातला हुता."

"कवा?"

"आग लागायच्या आदी. चार दिस."

"गरम हुतं?"

"व्हय."

"किती?"

पिराजीनं बाही वर केली. तिथं आता काही दिसत नव्हतं. "भाजलं हुतं," तो म्हणाला.

नबीलाल खाचराकडं बघत राहिला. वाऱ्यानं भात एका बाजूला झुकलं आणि परत उभं राहिलं. मग त्यानं विचारलं, "मंग सांगितलं का न्हाई?" आवाजात राग नव्हता. त्याला खरंच जाणून घ्यायचं होतं. पिराजीनं उत्तर शोधलं. आण्णा रागावतील म्हणून. गंजी उपसावी लागेल म्हणून. आपोआप निवेल असं वाटलं म्हणून. एकेक कारण मनात येताना तो त्या हातांकडं बघत होता.

"उठा," नबीलाल म्हणाला.

तो पुढं आणि पिराजी मागं असे ते घरी आले. घर म्हणजे सुगराच्या भावाच्या परसातली एक खोली. नबीलालनं दारातून हाक मारली, "सुगरा! शमशाद! भार आव दोनो." सुगरा ओल्या हातांनी बाहेर आली. पिराजीला बघून तिनं पदर सावरला. तिच्यामागं पोरगी उभी राहिली, आता चांगली मोठी दिसत होती. "आता सांगा," नबीलाल म्हणाला. पिराजीनं सांगितलं. पावसापासून सुरुवात केली, गवताच्या वाफेचं सांगितलं, काडी कशी गार असते आणि ढीग कसा तापतो तेही सांगितलं. सुगरा ऐकत होती. तिचं तोंड हळूहळू उघडलं.

"गवत आपनहून पेटलं," ती म्हणाली, "आसंल. अल्लाच्या दुनियेत काय बी हुतंय. पन भाऊ, तुमची जबान? ती बी आपनहून चालली व्हय?"

शमशाद आत गेली आणि आतून भांडं खाली आपटल्याचा आवाज आला. नबीलालचे डोळे भरून आले होते. तो रडत होता की हसत होता ते कळत नव्हतं. "म्हंजे मी न्हाई," तो दोनदा म्हणाला. मग त्यानं वाकड्या पंजानं पिराजीचं मनगट धरलं. पकड लागत नव्हती, सोडवायला पिराजीला काहीच जड गेलं नसतं. "ह्या गावात मी घरोघरी जाऊन सांगितलं हुतं," नबीलाल म्हणाला. "आता तुमी सांगा. चला."

पहिल्या घरी पिराजीनं पुन्हा सगळं सांगितलं. घरधन्यानं विचारलं, गवत कसं पेटंल हो, इस्तू नसताना? पिराजी समजावून सांगू लागला तेव्हा नबीलाल म्हणाला, "ऱ्हाऊ दे ते. पुढलं सांगा." दुसऱ्या घरी त्याच्या सांगण्यातून पाऊस गळाला. तिसऱ्या घरी गाडीवान आणि आण्णा गळाले. सांगता सांगता त्यालाच त्या सबबींची लाज वाटली. सुतारानं रंधा थांबवून ऐकलं आणि नबीलालकडं बघून फक्त मान हलवली. एका ओट्यावर दोन म्हातारे बसले होते, त्यांनी पिराजीला बसायला सांगितलं नाही. एका बाईनं ऐकून पिराजीच्या पायाशी पिंक टाकली आणि दार लावून घेतलं. उन्हं डोंगरावर चढत होती. एकेक घर मागं पडे तसं वाक्य लहान होत गेलं, आणि लहान होईल तसं उच्चारायला अवघड. ओळीतली अर्धी घरं झाल्यावर त्यात फक्त एवढंच उरलं: "आग नबीलालनं लावली न्हाई. मला ठाऊक हुतं." एवढं म्हणून तो थांबे. लोक पुढच्या बोलण्याची वाट बघत आणि पुढं काही नसे. घशाला कोरड पडली होती, पण पाणी कुणी देईना आणि त्यानंही मागितलं नाही. नबीलाल प्रत्येक दारात त्याच्या शेजारी उभा राहून पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखा ऐकत होता.

शेवटचं घर वस्तीपासून जरा सुटं, खाचरांच्या कडेला होतं. तिथं तानाबाई नावाची म्हातारी दारात बसून शेंगा निवडत होती. पिराजीनं आपलं वाक्य म्हटलं. तिनं वर बघितलं आणि कानामागं हात धरला.

"तिला ऐकू येत न्हाई," नबीलाल म्हणाला. "मोठ्यानं सांगा."

पिराजीनं आवाज चढवला. म्हातारीनं मान हलवली, अजून नाही. तो छाती भरून ओरडला, "आग नबीलालनं लावली न्हाई! मला ठाऊक हुतं!" आवाज खाचरांवरून गेला. तिकडं बांधावरचं गवत कापायला वाकलेल्या दोघीतिघी उभ्या राहून बघू लागल्या. आयुष्यात तो इतक्या मोठ्यानं कधी एकटा ओरडला नव्हता. त्यात दुसऱ्या कुणाचा आवाज मिसळलेला नव्हता.

म्हातारीला कळलं. तिनं शेंगांचं सूप बाजूला सारलं, नबीलालकडं बघितलं, मग पिराजीकडं. बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात तिनं विचारलं, "मग आता ह्येचं हात बरं हुत्याल व्हय रं?"

तिनं हात पुन्हा कानामागं धरला होता. नबीलाल वळून घराकडं चालायला लागला होता. लांबवर, त्याच्या खोलीच्या दारात, शमशाद उभी राहून त्याची वाट बघत होती. पिराजी तिथंच उभा राहिला. म्हातारीला ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं सांगण्यासारखं त्याच्याकडे काही नव्हतं.